शिक्षक टिळक आणि त्यांची दीक्षा



आपल्या सैन्याच्या पलटणींत एक पद असे आहे की ज्याच्याविषयी तुम्ही फार कमी विचारता. रणगाडा, तोफ, पॅराशूट यांविषयी प्रश्न येतात, पण पलटणीतल्या धर्मगुरूविषयी क्वचितच येतो. जवान त्यांना पंडितजी, ग्रंथीजी, मौलवीसाहेब किंवा पाद्रीसाहेब म्हणतात. सैन्याच्या कागदपत्रांत मात्र या सर्वांचे पदनाम एकच आहे : 'रिलिजस टीचर', म्हणजे धर्मशिक्षक. भरती झाल्यावर त्यांना नायब सुभेदाराचा हुद्दा मिळतो. जखमी जवानाच्या उशाशी बसणे, सणाच्या दिवशी सर्वांना एकत्र आणणे, घरची वाईट बातमी आलेल्या माणसाला धीर देणे हे त्यांचे काम. या पदाच्या नावात 'शिक्षक' हा शब्द आहे, हे मला नेहमी महत्त्वाचे वाटते. मी स्वतः शिक्षक आहे, इतिहास शिकवतो, आणि मराठी माझी घरची भाषा आहे. म्हणून यंदाच्या मराठी पानासाठी मी एका अशा शिक्षकाचे चरित्र निवडले आहे, जो पुढे दीक्षा घेतलेला धर्मसेवक झाला. त्यांचे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक. ते कवी म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहेत, 'केवढे हे क्रौर्य' ही त्यांची कविता तुमच्या आजी-आजोबांनी शाळेत पाठ केलेली असेल. लोकमान्य टिळक वेगळे, हे टिळक वेगळे. दोघेही रत्नागिरी जिल्ह्याचे, म्हणून नावांचा घोळ होतो.

आधी 'दीक्षा' या शब्दाविषयी थोडे सांगतो, कारण तो समजला नाही तर पुढची गोष्ट समजणार नाही.

बेंगळुरूत रविवारच्या सुटीत महात्मा गांधी रस्त्याने जाताना तुम्हाला दोन जुनी चर्च दिसतात. एका टोकाला सेंट मार्क्स कॅथेड्रल आणि दुसऱ्या टोकाला होली ट्रिनिटी. दोन्ही एकोणिसाव्या शतकात इथल्या छावणीतल्या गोऱ्या सैन्यासाठी उभी राहिली. ती अँग्लिकन पंथाची होती. याच पंथाला अमेरिकेत एपिस्कोपल म्हणतात, म्हणजे बिशपांच्या देखरेखीखाली चालणारी मंडळी. या परंपरेत धर्मसेवकाच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली डीकन, दुसरी प्रीस्ट आणि तिसरी बिशप. डीकन हा शब्द मूळ ग्रीक भाषेतला, त्याचा अर्थ सेवक. गरीब, आजारी, एकाकी यांची सेवा करणे हे डीकनचे पहिले कर्तव्य मानतात. पुढे कितीही वरचे पद मिळाले तरी प्रत्येकाला आधी या सेवकाच्या पायरीवरून जावे लागते. तुमच्या भाषेत सांगायचे तर कुणीही थेट जनरल होत नाही.

मराठी माणसांत या वाटेने गेलेले पहिल्या फळीतले नाव नीळकंठशास्त्री गोरे यांचे. त्यांचा जन्म १८२५ साली बुंदेलखंडातल्या एका चित्पावन कुटुंबात झाला आणि ते वाढले काशीत. संस्कृतचे ते मोठे पंडित. १८४८ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, नेहेम्या हे नाव धारण केले, आणि मग तब्बल वीस वर्षांनी, १८६८ साली, ते अँग्लिकन मंडळीत डीकन झाले. १८७० साली प्रीस्ट झाले. वीस वर्षे हा आकडा लक्षात ठेवा. दीक्षा ही घाईने घ्यायची गोष्ट नाही, हे त्यावरून कळते.

नारायण टिळक ज्या मंडळीत गेले तिचे नाव अमेरिकन मराठी मिशन. तिच्यात बिशप नव्हते आणि तीन पायऱ्याही नव्हत्या. मंडळी आणि तिचे पाळक मिळून योग्य माणसाला दीक्षा देत. पण परीक्षा तीच : हा माणूस सेवा करायला तयार आहे का? टिळकांना ही दीक्षा मिळाली १९०४ साली. तिथपर्यंत ते कसे पोचले, आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे मला सांगायचे आहे.

नारायणाचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी करजगाव इथे झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते, स्वभावाने कडक. आई जानकीबाई हळवी, कवितेची आवड असलेली. मुलाचा सगळा जीव आईत. १८७३ च्या सुमारास आई गेली आणि घरातला ओलावाच संपला. नारायणाने घर सोडले आणि तो नाशिकला पोचला. तुमच्यातले बरेच जण साधारण त्याच वयात ट्रंक घेऊन या शाळेच्या दारात उभे राहिले. फरक इतकाच की तुमच्यामागे आईवडील उभे होते, त्याच्यामागे कुणी नव्हते. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी तो संस्कृत शिकला. इंग्रजी शाळेत थोडा काळ गेला, पण शिक्षण पुरे झाले नाही. पुढचे सगळे त्याने स्वतःच वाचून मिळवले. पदवी नाही, पण पाठांतर अफाट, वाणी रसाळ आणि कविता जिभेवर, अशी त्याची तयारी होती.

अशा माणसाला त्या काळी एकच नोकरी सहज मिळे, ती म्हणजे शिक्षकाची. टिळक शिक्षक झाले. गावोगावी शिकवले, कीर्तने केली, पुराणे सांगितली. पण एका जागी टिकणे त्यांना जमत नसे. मनाला पटले नाही की ते निघत. पैसा हातात आला की तो गरजवंताच्या हातात जाई. कित्येकदा घरी न सांगताच ते गायब होत. थोर माणसांच्या चरित्रात या गोष्टी गाळायची पद्धत आहे. मी त्या गाळत नाही, कारण त्या काळात या माणसाच्या घरी एक मुलगी वाट बघत बसलेली असे.

तिचे माहेरचे नाव मनकर्णिका गोखले, नाशिकजवळच्या जलालपूरची. १८८० साली लग्न झाले तेव्हा तिला बारावे वर्षही पुरे लागले नव्हते. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवले. तिचे वडील सोवळ्याओवळ्याचे विलक्षण कडक, त्यामुळे शिवाशिवीचे नियम तिच्या अंगात भिनलेले. शाळा तिने पाहिलेली नव्हती. तिला अक्षरओळख करून दिली ती टिळकांनी. इतक्या गावांत शिकवलेल्या या शिक्षकाची सर्वांत मोठी विद्यार्थिनी घरातच होती, हे मात्र पुष्कळ वर्षांनी सगळ्यांना कळले.

१८९१ च्या सुमारास टिळक नागपूरला आले. आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम मिळाले. 'ऋषी' नावाचे मासिकही त्यांनी चालवले. धर्म हा विषय त्यांच्या डोक्यात सतत घोळत होता. जातिभेदाने विस्कटलेला देश कोणत्या पायावर एक होईल, हा त्यांचा प्रश्न होता. १८९३ साली राजनांदगावला जात असताना आगगाडीच्या डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. दोघांच्या गप्पा कवितेवरून धर्मावर गेल्या. उतरताना त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि ती वाचून पाहायला सांगितले. त्याचे नाव टिळकांना कधीच कळले नाही. टिळकांनी ते पुस्तक शिक्षकाच्या सवयीने वाचायला घेतले, खुणा करत, शंका काढत. डोंगरावरच्या प्रवचनाशी येऊन मात्र ते थांबले. शत्रूवरही प्रेम करावे ही शिकवण त्यांच्या मनातून जाईना.

पुढची दोन वर्षे घालमेलीची गेली. त्या काळात एका चित्पावन ब्राह्मणाने धर्मांतर करणे म्हणजे काय, हे आज समजायला अवघड आहे. नोकरी जाणार, नातेवाईक तुटणार, आणि कायद्याने नव्हे तरी समाजाच्या दृष्टीने बायको विधवेसारखी होणार. हे सगळे माहीत असूनही टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा निर्णय बरोबर की चूक, हे ठरवायला हे पान नाही. ज्याचा त्याचा धर्म ज्याच्या त्याच्या मनाचा, हे तर आपण आपल्या 'सर्व धर्म स्थळा'त शिकतो. माझे लक्ष वेगळ्या गोष्टीकडे आहे. हा निर्णय त्यांनी एकट्याने घेतला. त्याचा घाव बसला तो दुसऱ्याच व्यक्तीवर.

लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या माणसांत होत्या. कडेवर दत्तू नावाचा लहान मुलगा. आधीची मुले देवाघरी गेलेली. बातमी कळली तेव्हा त्यांच्यावर आकाशच कोसळले. नातेवाइकांनी त्यांना सांभाळले आणि पुढे त्या मुलाला घेऊन पंढरपूरला राहिल्या. नवरा जिवंत, त्याचे प्रेम आहे, पत्रे येतात, तरी त्याच्या घरी जाता येत नाही, अशी ती स्थिती होती. हा वियोग चार-पाच वर्षे चालला.

इकडे टिळक अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, आले. तिथे डॉ. रॉबर्ट ह्यूम यांच्या देखरेखीखाली मिशनची थिऑलॉजिकल सेमिनरी होती. खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांसाठी पाळक तयार करणारी ती शाळा. टिळक तिथे शिक्षक झाले. समोर बसणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेक त्या काळी अस्पृश्य मानलेल्या समाजातले. ज्यांची सावली टाळायची असे टिळकांना लहानपणी शिकवले होते, त्यांच्याबरोबर ते आता जेवू-बसू लागले, त्यांना भाषा आणि काव्य शिकवू लागले. माझ्या मते त्यांची खरी दीक्षा इथेच सुरू झाली. समारंभ व्हायला अजून पुष्कळ वर्षे होती.

आता लक्ष्मीबाईंकडे येऊ. अखेर त्यांनी धीर केला आणि मुलाला घेऊन त्या नगर जिल्ह्यात नवऱ्याजवळ गेल्या. पण धर्म सोडला नाही. सोवळे आपले, स्वयंपाक आपला, पाणी आपले. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. एवढा तापट माणूस, पण या बाबतीत त्याने वाट पाहिली. एके दिवशी लक्ष्मीबाईंनी स्वतःशीच विचार केला : जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर माणसांच्या देहांत काही फरक दिसला असता. फरक दिसत नाही, तेव्हा त्या माणसाच्याच. इतके ठरल्यावर त्यांनी शिवाशिव सोडून दिली. कुणाच्या हातचे खायला त्यांना आता अडचण राहिली नाही. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या विचाराने. शाळेत न गेलेल्या बाईने तर्कशास्त्राचा असा धडा घालून द्यावा, याचे मला आजही कौतुक वाटते.

यानंतर चार वर्षांनी, १९०४ साली, टिळकांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली आणि नावामागे रेव्हरंड लागले. बाप्तिस्म्यापासून नऊ वर्षे झाली होती. या नऊ वर्षांत त्यांनी शिकवले, लिहिले, भजने रचली, आणि मोडलेले घर पुन्हा उभे केले. मला वाटते, दीक्षेआधीची सर्वांत कठीण परीक्षा ती शेवटचीच होती.

दीक्षेनंतर ते बदलले का? फारसे नाही. ते शिक्षकच राहिले, फक्त वर्गाच्या भिंती गेल्या. तोवर मराठी ख्रिस्ती उपासनेत इंग्रजी चालींची भाषांतरित गाणी असत. टिळकांनी तुकाराम-ज्ञानेश्वरांच्या वाटेने अभंग रचले, टाळ-मृदंग आणले, कीर्तन आणले. धर्म बदलला म्हणून भाषा, वेष आणि देश बदलत नाही, हे त्यांनी आयुष्यभर ठासून सांगितले. त्यांची शंभराहून अधिक पदे मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात आहेत आणि आजही गायिली जातात. १९१२ पासून अखेरपर्यंत त्यांनी 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी भागाचे संपादन केले. हे पत्र १८४२ पासून चालू होते. फुले आणि मुले यांच्यावरच्या त्यांच्या कवितांनी मराठी काव्यात नवी वाट पाडली.

त्यांच्या घरात नेहमी परकी मुले असत. कुणी अनाथ, कुणी शिकायला आलेले. त्यांपैकी एक होता त्र्यंबक बापूजी ठोमरे, आपण ज्याला बालकवी म्हणतो तो. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात या कोवळ्या मुलाच्या कवितेने सगळे थक्क झाले. टिळकांनी त्याला आपल्या घरी नेले आणि मुलासारखे वागवले. तो हिंदू होता आणि हिंदूच राहिला. टिळकांच्या घरात त्याला त्यासाठी काही सोडावे लागले नाही.

१९१७ साली टिळकांनी आणखी एक पाऊल टाकले. मिशनची पगारी नोकरी त्यांनी सोडली आणि संन्याशासारखे राहायचे ठरवले. साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनीही तिथे एकत्र बसून ख्रिस्ताची भक्ती करावी, अशी त्यांची कल्पना. पद मिळाल्यावर त्याला चिकटून न राहता, ज्या सेवेसाठी पद घेतले तिच्यासाठी ते बाजूला ठेवणे फार थोड्यांना जमते. त्यांना पुरता वेळ मात्र मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय सत्तावन्न.

मागे एक मोठे काम अर्धवट राहिले होते. 'ख्रिस्तायन' नावाचे महाकाव्य त्यांनी हाती घेतले होते, त्याचे दहा-अकरा अध्यायच झाले होते. ते कोणी पुरे केले? लक्ष्मीबाईंनी. ज्यांना अक्षरे गिरवायला टिळकांनी शिकवले, त्यांनी त्या काव्याला चौसष्ट अध्याय जोडले. शिवाय 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र लिहिले, जे मराठीतल्या उत्तम पुस्तकांत गणले जाते. त्यात नवऱ्याचे गुणही आहेत आणि त्याचा विक्षिप्तपणाही, आणि हे सगळे त्या हसत हसत सांगतात. टिळकांना आज आपण इतके जवळून ओळखतो ते त्यांच्या स्वतःच्या ग्रंथांमुळे नव्हे, तर या पुस्तकामुळे.

आता तुमच्यासाठी दोन शब्द. तुमच्यातले काही जण एक दिवस पासिंग आउट परेडला उभे राहतील. खांद्यावर तारे लावायला आई-वडील येतील. त्या वेळी सगळे तुमच्याकडे बघत असतील, पण तुम्ही लावणाऱ्या हातांकडे बघा. तुम्ही दहा-अकरा वर्षांचे असताना तुम्हाला इथे सोडून परतीच्या गाडीत बसलेली माणसे तीच आहेत. पुढे तुमची नेमणूक सीमेवर होईल तेव्हा घरी आणखी कुणी वाट बघेल. सेवेची शपथ एकजण घेतो, तरी ती निभावायला घरातल्या सगळ्यांना बळ लागते. टिळकांनी हे उशिरा ओळखले, पण ओळखले. पत्नीवर आपला निर्णय न लादता ते थांबले, आणि म्हणून पुढचा सगळा रस्ता दोघांनी बरोबर चालला.

आज टिळकांची आणि गोऱ्यांची, अशा दोन्ही परंपरांच्या मंडळ्या एकाच छत्राखाली आल्या आहेत. दक्षिणेत १९४७ साली चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले, बेंगळुरूतली वर सांगितलेली दोन्ही चर्च त्यातच आहेत. उत्तरेत आणि महाराष्ट्रात १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. तेव्हा डीकन म्हणा की पाळक म्हणा, अर्थ सेवक हाच.

दिवाळीच्या सुटीत घरी जाल तेव्हा 'स्मृतिचित्रे' मिळवून वाचा. मराठी वाचायला जड जात असेल तर आईला किंवा आजीला मोठ्याने वाचायला सांगा. पहिली काही पाने सोवळ्याच्या गमतीजमतींची आहेत, भरपूर हसाल. आणि परत आल्यावर मला येऊन सांगा, त्या घरातले कोण तुम्हाला जास्त धीराचे वाटले.